मरणशय्येपाशी सेवा : एक ऐतिहासिक अवलोकन

जपमाळ ओढताना आपण त्रेपन्न वेळा नमो मरिया म्हणतो, आणि प्रत्येक वेळी पवित्र मातेपाशी दोन घटिकांसाठी याचना करतो. एक घटिका आताची व दुसरी आपल्या मरणाची. ती दुसरी घटिका तुम्हा-आम्हांपैकी कोणासही चुकलेली नाही. ती समीप आली म्हणजे धर्मगुरू येतात, पापनिवेदन ऐकतात, अभ्यंग व ख्रिस्तप्रसाद देतात. डॉक्टर येतात, नाडी पाहतात व औषध लिहून देतात. आप्तेष्ट येतात आणि चार अश्रू ढाळतात. परंतु ह्या सर्वांच्या येण्याजाण्यामधील दीर्घ तासांत, विशेषतः रात्रीच्या प्रहरी, ओली चादर बदलणारे, दुखरी कूस हलक्या हाताने वळविणारे, कोरडे पडलेले ओठ भिजविणारे कोणीतरी लागते. त्या माणसाचे नाव मृत्युलेखात येत नाही. महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगी आपण धर्मगुरूंचे, दात्यांचे व शिल्पकारांचे स्मरण करीत आहोत, आणि ते योग्यच आहे. तथापि ह्या निनावी सेवेचाही एक इतिहास आहे, व तो आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाशी इतका निगडित आहे की, त्याचे थोडे अवलोकन येथे अप्रस्तुत ठरणार नाही.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने अंतिम न्यायाचा निकष सांगितला आहे, त्यात आजाऱ्याचा समाचार घेणे हे एक कृत्य आहे. पुढे ख्रिस्तसभेने तोबीताच्या ग्रंथातील आदर्शावरून मृतांना मूठमाती देणे हे सातवे दयाकृत्य त्यास जोडले. पोर्तुगीज अमलात गोव्यास व आपल्या वसईच्या कोटातही ‘मिझेरिकॉर्दिया’ नावाचे दयामंडळ होते, ते ह्याच दयाकृत्यांसाठी. संत फ्रान्सिस झेविअर १५४२ साली गोव्यास उतरले तेव्हा त्यांनी मुक्काम केला तो रुग्णालयात, आणि तेथील आजाऱ्यांची सेवा स्वतःच्या हातांनी केली. धर्मप्रचाराचा तो महामेरू प्रथम रोग्याच्या उशाशी बसला, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

तथापि त्या काळच्या रुग्णालयांची अवस्था फारशी स्पृहणीय नव्हती. रोमच्या सान जाकोमो ह्या असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात पायाची जखम घेऊन एक सैनिक आला. त्याचे नाव कामिल्लुस दे लेल्लिस. इटलीतील बुक्कियानिको येथे १५५० साली त्याचा जन्म झाला होता, आणि द्यूताच्या नादाने तो कफल्लक झाला होता. १५७५ साली त्याचे हृदयपरिवर्तन झाले. पुन्हा त्याच रुग्णालयात राहून तो सेवा करू लागला, तेव्हा भाडोत्री नोकर रोग्यांची कशी हेळसांड करतात, मरणोन्मुखांना कसे एकाकी टाकतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. एकुलत्या एका आजारी पुत्राची माता ज्या मायेने सेवा करील त्या मायेने सेवा करणारी माणसे जमवावी, असा विचार १५८२ साली त्याच्या मनात आला. १५८६ साली पोप पाचवे सिक्स्टस ह्यांनी त्या मंडळीस मान्यता दिली, आणि काळ्या झग्यावर तांबडा क्रूस लावण्याची अनुज्ञाही दिली. १५९१ साली तिला व्रतस्थ संघाचा दर्जा मिळाला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ह्यांखेरीज त्यांनी एक चौथे व्रत घेतले : प्राणसंकट ओढवले तरी रोग्याची सेवा सोडावयाची नाही. लोक त्यांना ‘सुमरणाचे पाद्री’ म्हणू लागले. संत कामिल्लुस १६१४ सालच्या जुलैच्या १४ तारखेस निवर्तले. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८८६ साली त्यांना व संत जॉन ऑफ गॉड ह्यांना रुग्णांचे व रुग्णालयांचे आश्रयदाते ठरविले, आणि १९३० साली पोप अकरावे पायस ह्यांनी दोघांना परिचारकांचेही आश्रयदाते म्हणून घोषित केले.

रोग्यांनंतर वृद्धांकडे वळू. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील कांकाल ह्या कोळ्यांच्या गावी १७९२ साली झान ज्युगां हिचा जन्म झाला. बाप समुद्रावर गेला तो परत आला नाही. पोर सोळाव्या वर्षी परक्याच्या घरी स्वयंपाकघरात कामास लागली. पुढे तिने रुग्णालयात सेवा केली, मोलमजुरी केली. १८३९ च्या हिवाळ्यात सें-सेर्वां गावी आन शोव्हां नावाची एक अंध व अर्धांगाने पंगू झालेली म्हातारी निराधार पडली होती. झानने तिला आपल्या घरी आणले, आपला बिछाना तिला दिला, आणि स्वतः माळ्यावर निजू लागली. त्या समयी झान सत्तेचाळीस वर्षांची होती आणि तिच्याजवळ रोजच्या मजुरीपलीकडे काही नव्हते. एकीच्या दोघी झाल्या, दोघींच्या बारा झाल्या. झान हातात टोपली घेऊन दारोदार भिक्षा मागू लागली. ‘गरिबांच्या लहान भगिनी’ ह्या जगद्विख्यात संघाचा उगम तो हाच. १८४५ साली फ्रेंच अकादमीने तिला सत्कृत्याचे मोठे पारितोषिक दिले.

परंतु पुढील कथा ऐकून मन खिन्न होते. १८४३ साली भगिनींनी तिलाच पुनश्च प्रमुख निवडले असता त्यांच्या मार्गदर्शक धर्मगुरूंनी ती निवड रद्द केली, आणि संघाचे संस्थापक म्हणून हळूहळू स्वतःचेच नाव पुढे केले. १८५२ साली झानला मठात परत बोलावण्यात आले. त्यानंतरची सत्तावीस वर्षे ती नवशिक्या भगिनींमध्ये राहिली, आणि ही वृद्धा कोण हे त्यांतील पुष्कळजणींना ठाऊकही नव्हते. १८७९ च्या ऑगस्टमध्ये ती वारली तेव्हा संघाची १७७ आश्रमगृहे व सुमारे २,४०० भगिनी होत्या. सत्य मात्र कायमचे झाकून राहिले नाही. रोमने चौकशी करून १८९० साली त्या धर्मगुरूंना पदावरून दूर केले. झानला १९८२ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी धन्यवादित पद दिले, व २००९ साली पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी संतपद दिले. ह्या भगिनी १८८२ साली कलकत्त्यास आल्या, आणि मुंबईत अंधेरीसही त्यांचा वृद्धाश्रम आहे.

वार्धक्यातील एका व्याधीचा विचार येथे स्वतंत्रपणे केला पाहिजे. म्हातारपणी ‘चळ लागला’ असे म्हणून आपण ज्याची बोळवण करीत आलो, तो पुष्कळदा मेंदूचा रोग असतो. १९०१ साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे डॉ. अलोइस अल्झायमर ह्यांनी आउगुस्टे नावाच्या एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीस तपासले. तिची स्मृती ढळत चालली होती. ती १९०६ साली वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला व त्यातील विकृतीचे वर्णन त्याच वर्षी विद्वानांपुढे मांडले. १९१० साली ह्या रोगास त्यांचे नाव मिळाले. एका शतकाहून अधिक काळ लोटला, तरी हा स्मृतिभ्रंश समूळ बरा करणारे औषध सापडलेले नाही. म्हणून येथे औषधापेक्षा सेवाच मोठी ठरते. अशा रोग्याचे सकाळचे स्मरण दुपारी नाहीसे होते, पण बाळपणीच्या आठवणी पुष्कळ काळ टिकतात. मुलाचे नाव विसरलेली आजी जपमाळ सुरू होताच ओठ हलविते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तिच्याशी वाद घालून ‘तू चुकतेस’ असे पटवू नये. घास लहान द्यावा, बसवून द्यावा, घाई करू नये, नाहीतर तिला ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाते. अंथरुणास खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर पाठीस जखमा पडतात. ही कामे क्षुद्र दिसतात, परंतु ती चुकली म्हणजे जीव जातो.

आता अंतकाळाच्या सेवेविषयी. झान ज्युगां वारली त्याच १८७९ सालाच्या अखेरीस आयर्लंडमध्ये डब्लिन येथे आयरिश धर्मभगिनींनी केवळ आसन्नमरण रुग्णांसाठी एक आश्रयगृह उघडले. त्याच संघाच्या भगिनींनी १९०५ साली लंडनच्या हॅकनी भागातील गोरगरिबांसाठी संत योसेफाचे आश्रयगृह स्थापिले. सुमरणाचा आश्रयदाता संत योसेफ, तेव्हा नाव यथार्थच होते. तेथे १९५८ साली सिसिली साँडर्स ह्या अँग्लिकन पंथाच्या डॉक्टर आल्या. त्या आधी परिचारिका होत्या. वेदना असह्य होईपर्यंत वाट न पाहता मॉर्फीन नियमित वेळी द्यावे, म्हणजे रोगी शुद्धीवर राहूनही वेदनामुक्त राहतो, हे त्यांनी तेथे सप्रमाण दाखविले. वेदना केवळ देहाची नसते, तर मनाची, कुटुंबाची व आत्म्याचीही असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये संत क्रिस्तोफर आश्रयगृह उघडले, आणि ही विद्या जगभर पसरली. आपल्या देशात मदर तेरेसा ह्यांनी १९५२ साली कलकत्त्यास कालीघाट येथे निर्मल हृदय उघडून रस्त्यावर मरणाऱ्यांस छप्पर दिले. १९८६ साली मुंबईत वांद्र्यास शांती आवेदना सदन हे भारतातील पहिले आधुनिक पद्धतीचे आश्रयगृह कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांसाठी स्थापन झाले. पुढे त्याच्या शाखा गोव्यात व दिल्लीतही निघाल्या.

ख्रिस्तसभेनेही ह्या बाबतीत आपली शिकवण अधिक स्पष्ट केली आहे. पूर्वी ‘शेवटचा अभ्यंग’ म्हणत त्या संस्कारास १९७२ साली पोप सहावे पॉल ह्यांनी नवे रूप दिले. तो केवळ शेवटच्या श्वासाचा संस्कार नसून गंभीर आजाऱ्याचा व वार्धक्याने क्षीण झालेल्याचाही आहे. तरी अजून कित्येक घरांत ‘फादर आले म्हणजे आजोबा घाबरतील’ असे म्हणून विलंब केला जातो, आणि फादर येतात तेव्हा आजोबांस शुद्ध नसते. हा विलंब आपण टाळला पाहिजे.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरातली. आज पुष्कळ घरांतील मुले परदेशी किंवा शहरी नोकरीस आहेत, आणि म्हाताऱ्यांच्या उशाशी एखादी पगारी मावशी किंवा वॉर्डबॉय बसलेला असतो. संत कामिल्लुस ह्यांनी भाडोत्री सेवेला दोष दिला होता, म्हणून पगार घेणारी सेवा हीन, असे कोणी समजू नये. त्यांचा आक्षेप वेतनाला नव्हता, मायेच्या अभावाला होता. किंबहुना पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ सालच्या परिपत्रकात कष्टकऱ्यास न्याय्य वेतन देणे हे धन्याचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. जी मावशी रात्र जागून आपल्या आईची घाण काढते, तिला आपण काय देतो? तिच्या झोपण्याची सोय असते काय? आठवड्यास एक सुट्टी तरी मिळते काय? रविवारी मिस्सेस जावयास आपण तिला मोकळीक देतो काय? ह्या प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाने आपापल्या घरी द्यावीत. आणि पगार दिला म्हणजे आपले ऋण फिटले असेही नव्हे. आठवड्यातून एकदा तरी पुत्राने स्वतः पेजेचा वाडगा हाती घ्यावा.

झान ज्युगांला तिच्याच घरातील माणसांनी ओळखले नाही. स्मृतिभ्रष्ट वृद्धाही आपली सेवा करणारीस ओळखत नाही. ज्या सेवेची ओळख उरत नाही, तिचीही नोंद प्रभूजवळ आहे, असा आपला विश्वास आहे. महोत्सवाच्या ह्या वर्षी प्रत्येक वाड्यातील अंथरुणास खिळलेल्या वृद्धांची यादी व्हावी, आणि त्यांच्या उशाशी आळीपाळीने बसण्यास तरुण मंडळी पुढे यावी. म्हणजे हा महोत्सव मंदिराच्या रोषणाईपुरता राहणार नाही. संत योसेफ आपणा सर्वांस सुमरण मिळवून देवो.