दुभाषी आणि भाषांतरकार : यंत्रभाषेचा एक अध्याय

भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. रशियन तंत्रज्ञांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या नगरीस दुभाष्याचे मोल निराळे सांगावयास नको. संगणकाच्या इतिहासातही दुभाष्याचा असाच एक अध्याय आहे.

एका यंत्राची आज्ञावली दुसऱ्यास कळत नाही. म्हणून जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा ‘एम्युलेटर’ लागतो. त्याची साधी रीत दुभाष्याची : प्रत्येक आज्ञा दर वेळी नव्याने उलगडावयाची. तीच आज्ञा लक्ष वेळा आली तरी श्रम तितकेच. १९८४ साली पीटर डॉइच व ॲलन शिफमन यांनी ‘स्मॉलटॉक-८०’ भाषेसाठी निराळी वाट दाखविली : गरज पडताच आज्ञांचा गट एकदा स्थानिक यंत्रभाषेत उतरवून तो जपून ठेवावयाचा. पुढे याच युक्तीचाही आधार घेऊन १९९९ साली ‘अल्ट्राएचएलई’ने ‘निन्टेन्डो ६४’ या १९९६ च्या खेळयंत्राचे खेळ घरगुती संगणकावर चालविले. मात्र मूळ आज्ञा बदलल्या, तर जपलेले भाषांतर टाकून द्यावे लागते. हे भान सुटले की नक्कल फसते.

आम्हांस यात खेळापलीकडचे मोल दिसते. पुण्याच्या ‘सी-डॅक’च्या ‘जिस्ट’ कार्डामुळे डॉस संगणकांवर मराठी उमटू लागली. ते संगणक भंगारात गेले. त्यांवरील मजकूर मूळच्या रूपात जसाच्या तसा पाहावयाचा, तर यंत्राबरोबर कार्डाचीही नक्कल करावी लागेल. बृहन्महाराष्ट्रातील मंडळांचा इतिहास अशाच जुन्या तबकड्यांत अडकलेला असू शकतो. त्या टाकून दिल्या, तर उत्तमातला उत्तम भाषांतरकारही भाषांतर कशाचे करणार?