संप्रेरके व दूधव्यवसायाचे अर्थकारण (सोलापूर जिल्हा)

दुभत्या जनावरांना टोचल्या जाणाऱ्या संप्रेरकांचा नफातोटा मोजताना दोन वेगळ्या द्रव्यांची गल्लत होते. खरे वाढ-संप्रेरक म्हणजे सोमॅटोट्रॉपिन. अमेरिकेने १९९३ मध्ये मान्यता दिल्यावर मोन्सँटो कंपनीने ते ‘पोसिलॅक’ नावाने विकले. दर चौदा दिवसांनी टोचल्यास गायीचे दूध साधारण दहा ते पंधरा टक्के वाढते; मात्र खुराक वाढवावा लागतो आणि कासदाहाचा धोकाही वाढतो. कॅनडाने १९९९ मध्ये त्याला परवानगी नाकारली. भारतात त्याचा प्रसार झाला नाही, आणि सोलापुरात ते परवडलेही नसते. येथे दूध अडते ते चाऱ्यापाण्यापाशी. २०१९ च्या दुष्काळात सांगोला, मंगळवेढा भागात चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. तिथे जादा पेंडीवर चालणारे औषध काय कामाचे?

गोठ्यात चोरून वापरले जाते ते ऑक्सिटोसिन. ते दूध वाढवत नाही, कासेत तयार असलेले दूध सोडवते. रेडकू दगावले की म्हैस पान्हा चोरते, तेव्हा ही सुई हाती घेतली जाते. धारेच्या शेवटी निघणारे दूध सर्वांत स्निग्ध असते आणि दुधाचा भाव फॅटवर ठरतो, त्यामुळे मोह वाढतो. पण सवय लागलेले जनावर पुढे सुईशिवाय पान्हावत नाही. आजच्या चार पैशांसाठी उद्याची धार गहाण पडते. रेडकू जगवणे, आंबोण देऊन शांतपणे धार काढणे हेच स्वस्त पडते. पंढरपुरी म्हैस तर कमी चाऱ्यावर तग धरणारी आणि नियमित विणारी. या जिल्ह्याची खरी दूधकमाई तिच्या पुढच्या वेतात आहे.

एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने ऑक्सिटोसिनचे उत्पादन सरकारी कंपनीपुरते मर्यादित केले. बाळंतपणातील रक्तस्राव थांबवण्यासाठी हे औषध अत्यावश्यक असल्याने या निर्णयाला आव्हान मिळाले आणि डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. जनावरांपुरता १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मात्र लागू आहे. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्यास घातक द्रव्य टोचल्यास कलम १२ नुसार एक हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होतात, आणि ते जनावर सरकारजमा होते.