श्वानाच्या मनःस्वास्थ्याचा विचार : प्रयोगशाळेतील यातनेपासून संगोपनाच्या तत्त्वांपर्यंत

प्रस्तावना :

कुत्रा हा मानवाने माणसाळवलेला पहिला प्राणी मानला जातो. हजारो वर्षांच्या सहवासात राखण, शिकार व मेंढपाळी यांसाठी त्याचे शरीर जपले गेले. परंतु त्याचे मनही जपावे लागते, या विचारास शास्त्रीय आधार मिळण्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले. या इतिहासात एक विलक्षण विरोधाभास आढळतो. कुत्र्याच्या मनाला कशाने इजा होते, हे शास्त्राला कळले ते बहुतांशी ती इजा प्रयोगशाळेत घडवूनच. प्रस्तुत लेखात या प्रवासातील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेतला असून, आजच्या श्वानसंगोपनाची तत्त्वे त्यांतून कशी आकारास आली हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

यंत्र की सचेतन जीव :

फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याने १६३७ मध्ये प्राण्यांची तुलना यंत्रांशी केली. या भूमिकेचा प्रभाव युरोपीय शरीरशास्त्रावर दीर्घकाळ राहिला. तिला महत्त्वाचा छेद दिला तो चार्ल्स डार्विनने. मानव व प्राणी यांच्या भावनाभिव्यक्तीवरील १८७२ च्या ग्रंथात त्याने चाल करून जाणारा कुत्रा आणि धन्याशी लाडीगोडी करणारा कुत्रा यांच्या देहबोलीचे सचित्र विवेचन केले. भावना ही केवळ मानवाची मिरासदारी नाही, हा त्यातील आशय क्रांतिकारक होता. तथापि डार्विनची पद्धत निरीक्षणाची होती. प्रायोगिक पुरावा पुढे आला तो रशियातून.

पाव्हलॉव्हची प्रयोगशाळा :

पचनसंस्थेवरील संशोधनासाठी १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या इव्हान पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत १९१४ मध्ये एक अनपेक्षित घटना घडली. वर्तुळ दिसल्यावर अन्न मिळते व लंबवर्तुळ दिसल्यावर मिळत नाही, हे एका कुत्र्यास शिकविण्यात आले होते. पुढे लंबवर्तुळ क्रमाक्रमाने वर्तुळासारखे करण्यात आले. त्याच्या अक्षांचे गुणोत्तर ९:८ झाले, तेव्हा कुत्र्यास फरक उमगेनासा झाला. सुमारे तीन आठवडे प्रयत्न करूनही प्रगती झाली नाही; उलट, एरवी शांत असणारा तो कुत्रा ओरडू लागला, उपकरणे चावू लागला आणि पूर्वी सहज जमणारा भेदही विसरला. या अवस्थेस पुढे ‘प्रायोगिक मज्जाविकृती’ हे नाव मिळाले.

सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राड शहरात महापूर आला. कुत्र्यांच्या निवासात पाणी शिरले व त्यांना मोठ्या कष्टाने वाचविण्यात आले. त्यानंतर काही कुत्र्यांचे शिकलेले प्रतिसाद नाहीसे झाले. सावरलेला एक कुत्रा तर दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडताच पुन्हा कोलमडला. भीतीचा ठसा शरीर सावरल्यानंतरही उरतो, हे यातून स्पष्ट झाले. अशा कुत्र्यांवर विश्रांती व ब्रोमाइड यांचे उपचार करण्यात आले, ही बाबही येथे नोंदविण्याजोगी आहे.

बालपणाचे महत्त्व :

अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांचा प्रदीर्घ अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी १९६१ मध्ये याच परंपरेतील एका प्रयोगात काही पिल्ले मानवी संपर्काविना कुंपणाच्या आत वाढविण्यात आली. चौदा आठवड्यांपर्यंत माणूस न भेटलेली पिल्ले माणसाला कायम बिचकत राहिली. साधारणतः तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ सामाजिक जडणघडणीस निर्णायक ठरतो, हा निष्कर्ष पुढे श्वानपालनाचा पाया बनला.

हतबलतेचा धडा :

१९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांनी केलेल्या प्रयोगात काही कुत्र्यांना विजेचे धक्के स्वतः थांबविता येत होते. इतरांना तितकेच धक्के बसत, परंतु ते थांबविण्याचा उपाय त्यांच्या हाती नव्हता. पुढे सुटकेचा सोपा मार्ग उपलब्ध असतानाही दुसऱ्या गटातील बहुसंख्य कुत्रे निमूटपणे धक्के सोसत राहिले. यातूनच ‘अर्जित असहायता’ ही संकल्पना रूढ झाली. अशा कुत्र्यांना दोरीने ओढून वारंवार सुरक्षित बाजूस नेल्यावर ते सावरले, असे १९६८ मध्ये आढळले. २०१६ मध्ये याच दोन संशोधकांनी आपला सिद्धांत सुधारून मांडला : निष्क्रियता ही दीर्घ यातनेची मूळ प्रतिक्रिया असून, प्राणी शिकतो ते परिस्थितीवरील नियंत्रण. कुत्र्याच्या संगोपनासाठी हा बदल अर्थपूर्ण आहे. आपल्या कृतीने काही घडते, हा अनुभव त्यास मिळणे अगत्याचे ठरते.

कायदा व संगोपन :

भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने, नेहमी साखळीने बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे हा मालकाचा अपराध ठरविला. ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये शेतीतील प्राण्यांसाठी पाच स्वातंत्र्ये निश्चित करण्यात आली. भय व मानसिक क्लेश यांपासून मुक्तता आणि नैसर्गिक वर्तनाची मोकळीक यांचा त्यांत समावेश होता. ही चौकट पुढे पाळीव प्राण्यांनाही लावली जाऊ लागली.

समारोप :

उपरोक्त विवेचनातून तीन तत्त्वे निष्पन्न होतात. धन्याच्या आज्ञा व दिनक्रम यांत संदिग्धता नसावी. पिल्लास योग्य वयात माणसांचा व स्वजातीयांचा सहवास मिळावा. आणि कुत्र्यास निवडीस वाव असावा. मारून ‘वळण’ लावलेला कुत्रा गप्प बसतो, तेव्हा ती शिस्त असते की हतबलता, हा प्रश्न १९६७ नंतर टाळता येत नाही.

पाव्हलॉव्हच्या पुढाकाराने १९३५ मध्ये लेनिनग्राडच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेच्या आवारात कुत्र्याचे स्मारक उभारण्यात आले. विज्ञानाने मान्य केलेल्या ऋणाची ती नोंद होय. हे ज्ञान कुत्र्यांच्या यातनेतून मिळालेले असल्याने, ते केवळ मानवी मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांपुरते सीमित ठेवणे न्याय्य ठरणार नाही. घरात व अंगणात बांधलेल्या कुत्र्यापर्यंत त्याचा लाभ पोहोचणे आवश्यक आहे.