खानावळवालीला काय काय येत होतं?



मागच्या महिन्यात आम्ही आमच्या गटातल्या एका ताईंचा शालेय पोषण आहाराच्या कामासाठी अर्ज भरत होतो. 'अनुभव' या रकान्यापाशी ताई म्हणाल्या, "लिहा, काही नाही. मी नुसती घरात रांधते." आमचा पेन तिथंच थांबला. आम्हांला गिरणगावातल्या खानावळवाल्या आठवल्या.

मुंबईत कापडगिरण्या वाढल्या, तशी कोकणातून, घाटावरून माणसं कामाला गेली. बायकामुलं गावी, पुरुष चाळीतल्या खोलीत दाटीनं. त्यांना जेवू घातलं तिथल्या बायांनी. लोकांना दिसली ती चुलीपुढची बाई. पण गिरणी पाळ्यांत चालायची, म्हणून ताटंही पाळीच्या वेळेवर लागायची. गिऱ्हाईक पैसे देणार पगाराला, वाण्याचं देणं मात्र रोजचं. त्या दोन्हींचा मेळ बाईच घालायची. कुणाला किती भाकरी लागतात, कोण गावी गेलंय, सगळं तिच्या ध्यानात.

अडचण भांडवलाची होती. सावकार जबर व्याज घ्यायचा, बँकेला तारण हवं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायांनी गट केले, एकमेकींची हमी घेतली आणि बँकेचं कर्ज मिळवलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. गिऱ्हाईक गावी गेलं, पुष्कळ खानावळी बसल्या. नुसतं कसब असून भागत नाही, हे तेव्हा कळलं. ज्या बाया संघटनेत होत्या, त्यांना निदान दुसरी वाट शोधता आली. अन्नपूर्णेच्या बायांनी कार्यालयांना, समारंभांना जेवण पुरवलं. गिऱ्हाईक बदललं, माप, वेळ आणि हिशोब तेच राहिले.

मग आम्ही ताईंच्या रकान्यात लिहिलं: रोज नऊ माणसांचा स्वयंपाक, महिन्याच्या किराण्याचा हिशोब, गटाच्या मेळाव्यात दीडशे पानांची जबाबदारी. ताई वाचून म्हणाल्या, "अगं बाई, हे सगळं मीच केलं?"

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत वहीचं एक पान घ्या. तीन रकाने आखा: मी काय करते, त्यात मला काय काय यावं लागतं, आणि ते आणखी कुठं चालेल. स्वतःचं सुचलं नाही, तर शेजारणीला विचारा. तिला ते आधीपासून दिसत असतं.