साथीचा साचा

गायनात साथीदाराचे स्थान दुय्यम मानण्याची रीत असली, तरी गाणे पडू न देण्याची जबाबदारी पुष्कळदा त्याच्याच शिरावर असते. भजनी बुवा एखाद्या चरणावर रेंगाळले, तर पखवाजी त्यांना सांभाळून घेतो. सूर डळमळू लागला, तर पेटीवाला तो हळूच दाखवून देतो. हे काम आता अनेक ठिकाणी अरेंजर कीबोर्डाकडे गेले आहे. डाव्या हाताने दोनतीन पट्ट्या दाबल्या, की ठेका, खर्ज आणि भरणीची वाद्ये आपोआप वाजू लागतात. साथीच्या या तयार साच्याला 'स्टाइल' म्हणतात. हा साचा कोणाच्या कानाने घडला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. भालकीसारख्या सीमेवरील गावी तो विचारणे विशेष अगत्याचे आहे.

भालकी हा बीदर जिल्ह्यातील तालुका. १९५६ च्या पुनर्रचनेत हा मुलूख हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आला, तरी कन्नड, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा येथे नांदत राहिल्या. याच जिल्ह्यातील कल्याण बाराव्या शतकात शरणांच्या वचनांनी गाजले. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे श्रीमाणिकप्रभू (१८१७-१८६५) यांनी मराठीबरोबरच कन्नड व हिंदीतही पदे रचिली. एकाच बैठकीत निरनिराळ्या भाषांतील गाण्यांना साथ करण्याची वेळ या भागातील वादकावर नव्याने आलेली नाही.

परदेशी वाद्य आपलेसे करण्याचा अनुभवही जुनाच आहे. पॅरिसच्या अलेक्झांडर देबँ याने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. त्याचा भाता पायाने चाले. आपल्याकडे तो हातावर आला, वाद्य बैठकीत मांडी घालून वाजविण्याजोगे झाले आणि त्याची 'पेटी' झाली. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी तिला मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले. तथापि मींड आणि श्रुती तिच्यातून निघत नाहीत, या आक्षेपावरून १९४० च्या मार्चपासून नभोवाणीने तिला दूर ठेविले. ही बंदी सुमारे तीन दशके टिकली. भजनी मंडळांतून मात्र पेटी हलली नाही.

साथ आधी लिहून काढण्याची विद्या गोव्याकडून आली. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई. त्या परंपरेतील अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांसारखे वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत संयोजक झाले. संगीतकाराची चाल ऐकून कोणत्या वाद्याने कोठे शिरावे आणि कोठे गप्प राहावे, हे ते कागदावर उतरवीत. मराठीत अनिल मोहिले यांनी हीच विद्या नावारूपास आणली. इंग्रजीत अशा संयोजकास 'अरेंजर' म्हणतात. कीबोर्डाचे नाव त्यावरूनच पडले.

यंत्राने हे काम टप्प्याटप्प्याने उचलले. १९५९ मध्ये अमेरिकेतील वुर्लिट्झर कंपनीने फिरत्या तबकडीवर ठेका देणारे यंत्र काढले. त्याचे नाव 'साइडमन', म्हणजे साथीदारच! १९६७ मध्ये जपानच्या इकुतारो काकेहाशी यांच्या कारखान्याने 'रिदम एस' आणले. त्यात वॉल्ट्झ, रुंबा, बोसा नोव्हा असे ठरीव ठेके होते. केरवा-दादऱ्याला जागा नव्हती. १९८३ मध्ये वाद्यांना परस्परांशी बोलण्यासाठी 'मिडी' ही समाईक भाषा मिळाली. १९८८ मध्ये रोलँडचा ई-२० हा कीबोर्ड आला आणि संपूर्ण वाद्यमेळ एका वादकाच्या हाती आला. पुढे यामाहाने भारतासाठी काढलेल्या कीबोर्डांत तबला-तानपुऱ्याचे ध्वनी आणि भारतीय ढंगाच्या स्टाइलही घातल्या.

तरीही साचा आपल्या गाण्यास बसतोच असे नाही. स्टाइलमध्ये प्रारंभ, मुख्य ठेक्याचे दोन-चार प्रकार, मधली भरणी आणि समाप्ती असे भाग असतात. भरणी बहुधा एका घराची, म्हणजे पाश्चात्त्य गणनेच्या एका मापाची असते. ती संपली, की मुख्य ठेका आरंभापासून सुरू होतो. आता भजनी ठेक्याच्या आठ मात्रा चार-चारांच्या दोन घरांत मांडल्या आणि पहिल्याच घरात भरणीचे बटण दाबले गेले, तर यंत्र चार मात्रा आधीच समेवर येते. गायक एकीकडे, ठेका दुसरीकडे! उपाय सोपा आहे. एकेक मात्रा निम्म्या मोलाची धरून संपूर्ण आवर्तन एकाच घरात लिहिले, की भरणीनंतर सम आपल्या जागी येते.

स्वरांचेही तसेच आहे. यामाहाच्या पद्धतीत खर्जाचे आणि भरणीचे तुकडे सामान्यतः एका मूळ स्वरसंघावर, म्हणजे कॉर्डवर, लिहितात आणि वादक कॉर्ड बदलील तसे यंत्र ते बदलते. मायनर कॉर्ड दाबली, की शुद्ध गंधार कोमल होतो. चित्रपटगीतात हे सोयीचे असेल. पण भूपातील अभंगात कोमल गंधार आला, तर रागच बिघडला. मध्यमाची कॉर्ड दाबताच तानपुऱ्याचा षड्जही मध्यमावर सरकतो. म्हणून जाणकार वादक तानपुऱ्याचा पदर निराळा काढून त्याचे स्वरपरिवर्तन बंद करून ठेवतो. ही दुरुस्ती कीबोर्डावर किंवा संगणकावर करता येते. तिला बटणांच्या माहितीपेक्षा कानाची तयारी अधिक लागते.

आणि ती तयारी येणार कोठून? कल्पक पखवाजीची लग्गी पुष्कळ ऐकल्याशिवाय तिचा साचा करता येत नाही. यंत्र स्वस्त पडते म्हणून मंडळाने पखवाजी बोलावणेच सोडले, तर पुढच्या पिढीला नक्कल करण्यापुरताही अस्सल ठेका ऐकावयास मिळणार नाही. मग कारखान्यातून येईल तोच ठेका आपला मानावा लागेल. बाहेरून आलेली पेटी येथे रुजली, ती बैठकीतील गाण्याने तिला वळण लावले म्हणून. कीबोर्डालाही तसे वळण लावता येईल. वचन, अभंग आणि कव्वाली या तिन्हींची चाल ज्यांच्या कानांत आहे, त्या सीमेवरील वादकांनी आपले साचे आपणच लिहावेत. आणि ते लिहिताना जाणता पखवाजी शेजारी बसलेला असावा.