ओपिऑइड पर्यायी उपचार (ओएसटी)

गर्द (हेरॉइन), अफू किंवा अफूगटातल्या वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन जडलेल्या रुग्णाला त्याच गटातले, पण संथ आणि जास्त काळ टिकणारे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने, गरज पडल्यास वर्षानुवर्षे देण्याची पद्धत. अंगदुखी, जुलाब, नाकाडोळ्यांतून पाणी, उडालेली झोप ही नशा थांबल्यावर येणारी लक्षणे, म्हणजे टर्की, टळली, की पुढच्या पुडीसाठीची वणवण थांबते आणि माणूस कामाधंद्याला लागू शकतो, असा यामागचा हिशेब.

अशा औषधांपैकी मेथाडोन दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीत तयार झाले. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल व मेरी नायस्वांडर यांनी ते हेरॉइनच्या रुग्णांना रोज देऊन पाहिले आणि १९६५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हेरॉइन काही तासांत उतरते. मेथाडोनचा एक डोस दिवसभर पुरतो.

भारतात मुख्यतः ब्युप्रेनॉर्फिन वापरतात. मेंदूतल्या ग्राहींना ते घट्ट चिकटते, पण त्यांना अर्धवटच चेतवते. म्हणून एका मर्यादेपुढे डोस वाढला तरी श्वास फारसा मंदावत नाही. (सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर मात्र जिवावर बेतू शकते.) हाच चिकटपणा पहिल्या दिवशी नडतो. अंगात गर्द असताना गोळी दिली, तर ती गर्दाला हुसकावते आणि जबर टर्की येते. त्यामुळे टर्की सुरू होईपर्यंत रुग्णाला ताटकळावे लागते.

गोळी गिळली तर बरेचसे औषध यकृतातच निकामी होते. केंद्रातली नर्स तिचा भरड चुरा करून जिभेखाली ठेवते. रुग्ण थुंकी न गिळता काही मिनिटे बसतो, मग जीभ उचलून दाखवतो. अख्खी गोळी गालात दडवून बाहेर विकता येते, चुरा येत नाही.

भारतात या उपचाराला सरकारी बळ मिळाले ते अनेकांनी एकाच सुईने नशा टोचून घेतल्याने पसरणाऱ्या एचआयव्हीमुळे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७–१२) त्याचा समावेश झाला. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रामुळे (स्थापना १९८६) मराठी मनात व्यसनमुक्ती म्हणजे नशेला कायमची सोडचिठ्ठी, असे चित्र रुजले आहे. त्या नजरेला हा उपचार ‘एक नशा सोडवून दुसरी लावणे’ वाटतो. औषधावरचे अवलंबित्व राहते, हे खरेच. पण ठरावीक डोसवर रुग्णाला झिंग येत नाही. उपचार चालू असताना मृत्यूचे प्रमाण घटते, असे अनेक देशांत दिसले आहे. तो सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे: शरीराची सवय मोडलेली असते आणि हात जुन्याच मापाची पुडी उचलतो.