डेकवरची वळकटी आणि केबिनमधली किटली

दोह्याच्या दक्षिणेकडच्या अबू हमूरमध्ये भारतीय शाळा आहे, किराण्याची मोठी दुकाने आहेत आणि निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या चर्चचे संकुल आहे. तिथल्या एखाद्या मराठी घरात डिसेंबरच्या सुट्टीत क्रूझला जायचे ठरले, की सामानाच्या दोन याद्या होतात. एक न्यायच्या वस्तूंची, दुसरी नेता न येणाऱ्या वस्तूंची. किटली नाही, इस्त्री नाही, छोटा राइस कुकर नाही, मेणबत्ती नाही, घरी केलेले खाणे नाही. लाडवांचा डबा बंदरावरच्या तपासणीत अडकू शकतो. या नियमांकडे आपण सुरक्षेचे नियम म्हणून पाहतो आणि खर्च वाढला तर महागाईला बोल लावतो. पण मुंबई आणि आखात यांच्यातल्या बोटींचा इतिहास पाहिला तर या दोन्ही गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या दिसतात. बोटीवर काय न्यायचे याचा नियम हा मुळात प्रवाशाच्या जेवणाचा, अंथरुणाचा आणि पाण्याचा खर्च कोणी करायचा याचा नियम असतो.

मुंबईहून कराचीमार्गे आखातात नियमित टपालबोट सुरू झाली ती १८६२ च्या सुमारास, ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीमार्फत. दुसऱ्या महायुद्धानंतर या मार्गावर ‘द्वारका’, ‘दारा’, ‘डुमरा’ आणि ‘डारेसा’ या बोटी फिरत. केबिनी मोजक्या, डेकचे प्रवासी हजारावर. डेकचे तिकीट म्हणजे फक्त जागेचे तिकीट. वळकटी पसरली की तेवढी जमीन आपली. पत्र्याची ट्रंक उशाशी, पाण्याचा तांब्या हाताशी, चादर टांगली तर आडोसा. दोह्याचा किनारा उथळ, त्यामुळे मोठी बोट लांब नांगर टाकी आणि माणसे व गाठोडी लहान नावेतून काठाला लागत. मालवण-वेंगुर्ल्याच्या लोकांना यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. मुंबई-पणजी बोटीतून ते असेच पडावात उतरत आले होते, आणि ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटींच्या काळापर्यंत वळकटी व दशम्यांचे गाठोडे हे डेकच्या प्रवासाचे गृहीतच होते. बोट लागली तर चोखायला लिंबूसुद्धा घरचेच.

हा निव्वळ रिवाज नव्हता, कायद्यालाही तो ठाऊक होता. हिंदुस्थानातून सुटणाऱ्या प्रवासी जहाजांसाठी १८८७ मध्ये जो कायदा झाला, त्यात खलाशांच्या गरजेहून जास्तीचे अन्न, पाणी आणि सरपण जहाजावर असले पाहिजे असे कलम होते. त्यातले सरपण महत्त्वाचे. प्रवासी जहाजावर शिजवणार हे कायदा करणाऱ्यांनी धरूनच चालले होते. हजच्या बोटींबाबत तर यात्रेकरूने स्वतः शिजवावे की कंपनीने तिकिटातच जेवण द्यावे, यावर बराच वाद झाला. १९२९-३० च्या हज चौकशी समितीपुढेही तो आला. एका बाजूला डेकवरचा धूर, घाण आणि आगीची भीती, दुसऱ्या बाजूला गरिबाच्या तिकिटाची किंमत. जेवण सक्तीचे केले की डेक स्वच्छ होतो, पण घरून आणलेल्या डाळ-तांदळाची बचत नाहीशी होते. आजच्या क्रूझच्या नियमांमागचा सगळा हिशेब या वादात आधीच मांडून झालेला आहे. फरक इतकाच की तेव्हा तो उघडपणे पैशाचा वाद म्हणून झाला.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: समुद्रावरची आग ही चेष्टा नव्हे. तो खराच आहे. ८ एप्रिल १९६१ ला दुबईजवळ ‘दारा’वर स्फोट होऊन आग लागली आणि बोटीवरच्या ८१९ जणांपैकी २३८ मेले. चौकशीत ठपका स्फोटकावर आला, कुणाच्या स्टोव्हवर नव्हे. तरी दाटीवाटीच्या बोटीत आग किती वेगाने पसरते हे सगळ्या आखाताने पाहिले. आपल्याकडे १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली. दाटी आणि पावसाळी समुद्र यांचा तो बळी होता. म्हणून किटली आणि इस्त्री यांच्यावरची बंदी मला वाजवी वाटते, तिच्याबद्दल कुरकुर करू नये. पण सुरक्षेचे कारण किटलीपाशी संपते. पाण्याच्या बाटल्यांचे खोके पेट घेत नाही, तरी तेही बाहेर ठेवावे लागते. घरच्या खाण्याला आरोग्याचे आणि परक्या बंदरांतल्या तपासणीचे कारण देता येते, तेही निम्मे मान्य करू. मात्र जी वस्तू बाहेर ठेवायला लावली, तीच आत दामदुप्पट दराने विकायला असेल, तर नियमाचा दुसरा हेतू शोधायला फार लांब जावे लागत नाही. पेयांचे पॅकेज, इंटरनेट, कपडे धुणे, माणशी रोजचे सेवाशुल्क हे सगळे तिकिटाच्या जाहिरातीबाहेर असते. पूर्वी खर्च ट्रंकेत घालून न्यायचा, आता तो प्रवास संपताना बिलात येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: पोटासाठी निघालेला डेकचा प्रवासी आणि हौसेने निघालेले कुटुंब यांची तुलना कशी करायची? डेकचा प्रवास स्वस्त होता म्हणणे हेही अर्धेच खरे, कारण उरलेली किंमत माणूस अंगाने भरत असे: ऊन, ओकाऱ्या, ओल्या सतरंजीवरच्या रात्री. हे मान्यच करायला हवे, आणि म्हणूनच जुन्या बोटीची आठवण काढून हळवे होण्यात अर्थ नाही. मात्र माझी तुलना सुखाची नाही, हिशेबाच्या पद्धतीची आहे. डेकच्या प्रवाशाला निघण्यापूर्वीच आपला खर्च कळत होता, कारण तो त्याच्या गाठोड्यात होता. शिवाय नाणेही एकच होते. भारतीय रुपया कतारमध्ये चाले. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या, पण मोल तेच राहिले. ६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन झाले आणि त्याच वर्षी कतार व दुबईने स्वतःचा रियाल आणला. सुरुवातीला जुन्या रुपयाच्या बरोबरीचा असलेला कतारी रियाल आज वीस रुपयांच्या वर आहे, आणि डॉलरशी ३.६४ या दराने बांधलेला आहे. त्यामुळे डॉलरमध्ये सांगितलेले क्रूझचे भाडे अबू हमूरच्या घरात फारसे हलत नाही. तेच भाडे गावच्या घराच्या हप्त्याशी ताडून पाहिले की डोळे पांढरे होतात. खर्च वाढल्याची तक्रार बरीचशी या दुहेरी जमाखर्चातून येते, कंपनीने दर चढवल्यामुळेच येते असे नाही.

‘द्वारका’ची फेरी १९८२ मध्ये बंद झाली. विमानाने तिला हरवले, आणि विमानाबरोबर सामानाचा नियमही बदलला: जागेऐवजी किलो आले. मग भांडीकुंडी, चादरी, दुधाच्या पावडरीचे डबे पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून जहाजाने पाठवायचे आणि आपण मोकळ्या हाताने विमानात बसायचे, अशी वाटणी आखातात रूढ झाली. क्रूझ दोह्यात आली ती या सवयीवर. जुन्या बंदरावर नवे टर्मिनल झाले, २०२२ च्या विश्वचषकात मोठ्या क्रूझ जहाजांचा तरंगती हॉटेले म्हणून वापर झाला, त्यातल्या ‘एमएससी वर्ल्ड युरोपा’चे नामकरणही १३ नोव्हेंबरला दोह्यातच झाले. त्याआधी जून २०१७ ते जानेवारी २०२१ या, शेजारी देशांनी कतारवर लादलेल्या नाकेबंदीच्या काळात दोह्याहून दुबईला थेट बोट जाणेच शक्य नव्हते, म्हणजे एकेकाळी टपालबोटीने सहज जोडलेली बंदरे साडेतीन वर्षे एकमेकांना तोडली गेली होती. आता ती जोडलेली आहेत, पण भारतीय पारपत्रावर निघालेल्या चौघांना अमिरातीच्या व्हिसाचे पैसे वेगळे मोजावे लागतात, आणि तेही जाहिरातीतल्या आकड्यात नसतात.

खर्च कमी करायचा एकच जुना मार्ग उरला आहे, तो म्हणजे गर्दीचा हंगाम टाळणे. आखातातली क्रूझ चालते हिवाळ्यात. भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलला सुरू होते, मोठी सुट्टी ऐन उन्हाळ्यात येते आणि फेब्रुवारी-मार्च परीक्षांत जातो. हवा उत्तम आणि बोटीला गर्दी कमी असे दिवस नेमके वार्षिक परीक्षेच्या तयारीचे असतात, त्यामुळे शाळकरी मुलांच्या घराला डिसेंबरचा शेवटचा आठवडा सोडून पर्याय नसतो. भाड्याचे तक्ते आखणाऱ्यांना हे शाळेचे वेळापत्रक पालकांइतकेच पाठ असते.